नवी रॅम टाकल्यावर कॉम्प्युटर बंद पडतोय? आधी स्लॉट बघा

अपग्रेडनंतर कॉम्प्युटर बंद पडू लागला की पहिला सल्ला ठरलेला: 'विंडोज मारून घे.' कृपा करून नको. कालपर्यंत नीट चालणारं विंडोज फक्त नवी रॅम टाकली म्हणून बिघडत नाही. उलट रॅममध्ये घोळ असताना विंडोज टाकलंत, तर फाइली कॉपी होतानाच चुकतात आणि एकाचे दोन घोळ होऊन बसतात.

नवा पार्ट काढा आणि जुन्यावर एक-दोन दिवस चालवून बघा. बॅकअप तेव्हाच घेऊन टाका.

बंद कसा पडतो, यावर लक्ष ठेवा. निळी स्क्रीन आणि दर वेळी वेगळा कोड, तर संशय रॅमवर. गेम सुरू केल्यावर स्क्रीन काळी होऊन थेट रिस्टार्ट, तर एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) कमी पडतोय किंवा ग्राफिक्स कार्डाची केबल नीट बसलेली नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून लगेच नवा एसएमपीएस आणू नका. कॉम्प्युटर रीतसर शटडाउन न होता बंद पडला, एवढंच ती नोंद सांगते. का पडला ते नाही.

आता रॅम. सगळ्यात जास्त वेळ खाते ती हीच. दुकानदार म्हणतो रॅम चांगली आहे, घरी आणली की कॉम्प्युटर बंद. मालवण-वेंगुर्ल्याकडे हे वाद नेहमीचे, आणि बऱ्याचदा दोघंही खरंच बोलत असतात. रॅम नवी असते, पण ती जाते वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या स्लॉटमध्ये. खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल त्या उघड्या पिनांवर बसलेली असते. टॉर्च मारून बघा: पिना काळवंडलेल्या किंवा मधेच हिरवट दिसल्या, तर चोर सापडला.

म्हणून एका वेळी एकच रॅम, एकच स्लॉट. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ टाका (रॅम तपासणारा प्रोग्राम, फुकट आहे), नवी रॅम एकटीच ज्या स्लॉटमध्ये जुनी नीट चालत होती तिथे बसवा आणि रात्रभर चालू द्या. एक जरी एरर आली तरी नापास. 'एकच तर आहे' हे मनाचं समाधान. पास झाली, तर तीच रॅम रिकाम्या स्लॉटमध्ये टाकून पुन्हा चालवा. तिथे नापास झाली, तर दोष स्लॉटचा. पहिल्या स्लॉटमध्येच नापास झाली आणि जुनी तिथे पास, तर नवी रॅम बदलून घ्या. दोन्ही एकेकट्या दोन्हीकडे पास, पण एकत्र नापास, तर त्यांचं आपसात जमत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी कॉम्प्युटरची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडने चालवणारी सेटिंग, बंद करा, ३२०० चा स्पीड २६६६ वर आणा, पुन्हा टेस्ट करा. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. तेवढ्यात घाबरून स्विच बंद करू नका.

स्लॉट साफ करायचा तर प्लग काढा, पॉवर बटण दाबून धरा, मग रॅमच्या पट्टीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कापडाने पुसा. ती पूर्ण वाळली की त्या स्लॉटमध्ये चार-पाच वेळा घालून काढा. खोडरबर घासायचा सल्ला सगळे देतात, मला तो अजिबात पटत नाही: सोन्याचा मुलामा पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. तोंडाने फुंकर नको, आधीच ओल काय कमी आहे? होडीच्या इंजिनावर मारतात तो तेलकट स्प्रे तर लांबच ठेवा. पिना हिरव्या पडून झिजल्याच असतील, तर तो स्लॉट सोडून द्या आणि एकच मोठी रॅम घ्या.

रॅम पास, एसएमपीएस ठीक, तरी लाइट गेली की रिस्टार्ट होतो? इन्व्हर्टर असला तरी होऊ शकतं. ग्राफिक्स कार्डामुळे लोड वाढला की लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा क्षण एसएमपीएसला तग धरवत नाही. जुन्या कमी लोडवर तो निभावून जायचा. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. ते यूपीएसवर करा.