अणुकचऱ्याचं पात्र डिझाइन करताना या चुका टाळा

नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यात प्रेशर व्हेसल (दाब झेलणाऱ्या टाक्या) शिकलेली पोरं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जमिनीखाली 500 मीटरवर पुरायच्या अणुकचऱ्याच्या पात्राचं ड्रॉइंग काढतात आणि मला तपासायला देतात. चुका ठरलेल्या.

सगळ्यात डोक्यात जाणारी: "सर, एसएस 304 (नेहमीचं स्टेनलेस स्टील) घेतलंय, गंजायचा प्रश्नच नाही." कोणी सांगितलं? इथल्याच एका शॉपमध्ये 304 ची नवी टाकी बोअरच्या खारट पाण्यानं हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) करून तशीच ठेवली. तळाला पाणी राहिलं आणि पावसाळाभर कोणी ढुंकून पाहिलं नाही. दसऱ्याच्या आधी मॅनहोल उघडून टॉर्च मारला, तर वेल्डलगत चहाच्या रंगाचे ठिपके. एकावर सुई टेकवली, ती आत गेली. मालक म्हणे, "बफ मारून (घासून चमकवून) पाठवू." बफनं डाग जातो, खड्डा तिथंच राहतो.

खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड असलं की 304 ला खड्डे पडतात. जोडीला उष्णता आणि ताण असेल तर तडेही जातात. खोल खडकातलं पाणी बरेचदा खारंच असतं, आणि काचेत गोठवलेला उच्चपातळीचा कचरा कित्येक दशकं तापलेला राहतो. म्हणून मी आधी भूजलाचा रिपोर्ट मागतो, मग धातूचं बोलतो. स्वीडन-फिनलंडनं 5 सेंमी जाड तांब्याचं कवच धरलं, कारण तिथल्या खोल ग्रॅनाइटच्या पाण्यात ऑक्सिजन नसतो. तरी तांब्याला गंजवणाऱ्या सल्फाइडची धास्ती आहेच. फ्रान्सनं चिकणमातीच्या खडकासाठी साधं कार्बन स्टील निवडलं. "बेस्ट मटेरियल कोणतं?" हा प्रश्न मला विचारूच नका.

दुसरी चूक: ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नुसतं "झाकण वेल्ड करणे". कोण करणार? पात्र भरल्यावर माणूस जवळ जाऊ शकत नाही. जाड भिंतीआडून यंत्राच्या हातानं करायचं. आतल्या बाजूनं तपासता येत नाही. वेल्डमुळे आलेला ताण घालवायला (स्ट्रेस रिलीव्हिंग) अख्खं पात्र भट्टीत सारायची नेहमीची सोयही नाही. स्वीडननं फ्रिक्शन स्टर वेल्डिंग घेतलं; त्यात फिरत्या हत्याराच्या घर्षणानं धातू मऊ करून जोडतात, तो वितळतच नाही. मी झाकणाचा सांधा आधी काढतो, बाकीचं पात्र त्याच्याभोवती. घाईतली पोरं उलटं करतात आणि शेवटी सांधा तपासायचा अल्ट्रासॉनिक प्रोब फिरवायला जागाच उरत नाही.

दाब आतून धरू नका, तो बाहेरून आहे: 500 मीटरला पाण्याचाच सुमारे 50 बार, वर पात्राभोवती भरलेली बेंटोनाइट माती पाण्यानं फुगते त्याचा दाब वेगळा.

त्याच बेंटोनाइटचं तापमान साधारण 100 अंशांखाली ठेवायचं असतं. एका पात्रात जास्त कचरा कोंबून "कॉस्ट सेव्हिंग" दाखवलंत की गणित तिथंच फसतं.

आत नेमकं काय भरलंय ते विचारा. 2014 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या भूमिगत अणुकचरा साठ्यात एक ड्रम फुटला. नायट्रेट क्षार असलेल्या कचऱ्यात मातीच्या कॅट लिटरऐवजी (मांजराच्या शी-शूसाठीचा शोषक भुगा) गव्हापासून केलेलं मिसळलं होतं, दोघांची रासायनिक क्रिया होऊन तो तापला. ड्रमच्या पत्र्यात काही खोट नव्हती, तरी तिथं कचरा पुरायचं काम जवळपास तीन वर्षं बंद पडलं.

आणि उचलायचे लग (हुक अडकवायचे कान) कवचाला वेल्ड करू नका. स्वीडिश पात्र भरलं की सुमारे 25 टन होतं. पकड झाकणाच्या कडेतच कोरून घ्या.