स्वस्तात डिटेलिंग देताय? आतून सुरुवात करा

कोल्हापुरात गाड्यांच्या डिटेलिंगचं, म्हणजे आतून-बाहेरून बारकाईने सफाई करण्याचं काम सुरू करताय? मग सिरॅमिक कोटिंगचा (रंगावर चढवायच्या चकाकत्या संरक्षक थराचा) बोर्ड नंतर लावा. जुनी अल्टो घेऊन येणाऱ्या माणसाला चकाकीपेक्षा मॅटखालचा कुबट वास गेलेला हवा असतो. त्याच्यासाठी फक्त आतल्या सफाईचा वेगळा, कमी दर ठेवा आणि गाडी बघून, काम सुरू करण्याआधीच सांगा.

पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरीकडून आलेल्या गाड्यांना तांबडी माती चिकटलेली असते. ती फडक्याने कधीच पुसू नका. आधी प्रेशरने पाणी मारून मडगार्डच्या आतूनसुद्धा उतरवा. मग दोन बादल्या घ्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा दर खेपेला साध्या पाण्यात खळबळूनच परत शाम्पूत बुडवा. साध्या पाण्याच्या तळाशी बसलेली रेती गिऱ्हाईकाला जरूर दाखवा. तीच रंगावर घासली गेली की जाळीसारखे बारीक ओरखडे उठतात, हे त्याला बघताक्षणी पटतं.

पैसे वाचवायला शाम्पूचा मोठा कॅन घ्या, पण कपड्यांची पावडर नको. तिच्याने रंगावरचा मेणाचा थर उतरतो. आणि मॅट, कार्पेट दमट असताना गाडी देऊ नका. काचा बंद झाल्या की तोच वास परत येतो.