पिवळं कार्ड आधी, बाकी बॅग नंतर

कुस्को, मग खाली पुएर्तो माल्दोनादोचं ॲमेझॉन जंगल, पुन्हा वर ओयांतायताम्बो आणि माचू पिचू, असा पेरूचा बेत असेल तर सगळ्यात आधी यलो फीव्हरच्या (डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराच्या) लशीची तारीख घ्या. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांतच मिळते. एका कुपीत बरेच डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारी, नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. वर ही लस घेतल्याचं पिवळं कार्ड ग्राह्य होतं ते सुई टोचल्यापासून दहा दिवसांनी. तेव्हा ‘निघायच्या आठवड्यात उरकून टाकू’ हे जमत नाही. एकदा घेतली की जन्माची सुटका. दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यायची भानगड 2016 मध्ये संपली. साठी उलटलेले, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि गरोदर बायका यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

लस घेतली म्हणजे काम झालं असं नाही. कार्ड! शिक्का, सही आणि पासपोर्ट नंबर असलेलं मूळ कागदी कार्ड. मी लस वेळेवर घेतली होती, कार्ड मात्र घरी कपाटात आणि फोनमध्ये त्याचा सुंदर फोटो. जाताना कुणी हटकलं नाही. परतताना मुंबईला इमिग्रेशनच्या आधी आरोग्य काउंटर लागतं, तिथे त्या फोटोला शून्य किंमत मिळाली. पेरू, बोलिव्हिया, ब्राझील असल्या देशांतून कार्डाशिवाय आलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण, असा नियम आहे. भाऊ कार्ड घेऊन विमानतळावर पोचेपर्यंत मी तिथेच खुर्चीत. चेक-इनच्या बॅगेतही ठेवू नका, ती बॅग काउंटरच्या पलीकडे पट्ट्यावर फिरत असते.

आता बॅग. कुस्को साधारण 3,400 मीटरवर, पुएर्तो माल्दोनादो जेमतेम 200. एकाच प्रवासात दोन हवामानं, त्यामुळे एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक चढवता येतील असे घ्या. जीन्स घरी. जंगलात ती भिजली की वाळतच नाही. आणि जंगल म्हणजे उकाडाच, असं समजून स्वेटर कुस्कोच्या हॉस्टेलवर सोडून जाऊ नका. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड वाऱ्याची लाट येते, तिला तिकडे फ्रियाहे म्हणतात. मग त्याच ॲमेझॉनमध्ये, उघड्या होडीत, दात वाजतात. बाकीचं जड सामान मात्र हॉस्टेलवर खुशाल ठेवा. गमबूट विकत घेऊ नका, बहुतेक लॉज देतात. पाय फार मोठा असेल तर आधी विचारून घ्या. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे, कारण गडद रंगावर डास जास्त येतात. डासांचं औषध डीट (DEET) हे रसायन असलेलं. ते प्लास्टिक खातं, माझ्या गॉगलची प्लास्टिकची काच त्याने धुरकट झाली, तेव्हा लावल्यावर हात पुसा. फोन, पासपोर्ट आणि (परत सांगतो) पिवळं कार्ड झिपलॉकमध्ये. जंगलातल्या दमटपणात कागदाचा लगदा होतो.

राजधानी लीमाहून विमानाने थेट कुस्कोला उतरलात की उंचीमुळे डोकं दुखणारच. शहाणपण असं की त्याच दिवशी खाली ओयांतायताम्बोला जाऊन झोपायचं, ते 2,800 मीटरच्या आसपास आहे. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती नक्की सांगा. कोकाच्या पानांचा चहा तिथे राजरोस मिळतो, प्या. पानं मात्र आठवण म्हणून घरी आणू नका, आपल्याकडे त्यांना थेट अमली पदार्थांचा कायदा लागतो.

इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला पायी जायची वाट, फेब्रुवारीत बंद असतो आणि रोज 500 परवाने, त्यात हमालही आले. उशीर केला तर बसा रडत. माचू पिचूच्या दारावर मूळ पासपोर्ट लागतो. पासपोर्टच्या कव्हरमध्ये काय असणार? बरोबर, कार्ड.

पैसे: सुट्टे सोल (पेरूचं चलन). फाटका, दुमडलेला डॉलर कुणी घेत नाही. रात्रीच्या बसमध्ये पैसे-पासपोर्ट अंगावर, वरच्या फळीवर नाही. शाकाहारी असाल तर सूप विचारून घ्या, भाज्यांच्या सुपातही कोंबडीचं पाणी असतं. प्लग: दोन गोल पिनांचा चालतो, आपला तीन पिनांचा नाही. विमा काढताना उंचीची मर्यादा वाचा. टॉर्च, ओआरएस, टोपी, हे काय सांगायचं.

परतताना ओले बूट वेगळ्या पिशवीत, कार्ड खिशात. घरी आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ॲमेझॉनमधून आल्याचं स्वतःहून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.