लेसर, टेप आणि मिस्त्रींच्या दोन पट्ट्या

आयटीआयचा एक वर्षाचा कारपेंटर ट्रेड संपवून गंगापूर रोडच्या एका साइटवर मिस्त्रींच्या हाताखाली लागलो, तेव्हा माझ्या खिशात नवाकोरा लेसर मीटर होता. मिस्त्रींच्या कानावर पेन्सिल, कमरेला टेप. मनातल्या मनात हसलो होतो, खोटं कशाला सांगू.

पहिलंच काम कोनाड्यात बसवायच्या कपाटाचं. लेसर लावला, १८१२ मिलिमीटर आलं, त्याच मापाने सांगाडा केला. तो आत शिरेचना. लेसर खोटं बोलला नव्हता. मी मोजलं होतं कमरेच्या उंचीवर, आणि वरच्या बाजूला प्लास्टर चांगलं सेंटिमीटरभर आत आलेलं. मिस्त्री ओरडले नाहीत. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून भिंत किती झुकलीय ते दाखवलं. मग दोन बारीक पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, दोन्ही टोकं भिंतींना टेकेपर्यंत सरकवल्या आणि क्लॅम्प आवळला. "आता हेच माप. आकडा वाचलाच नाही, तर चुकशील कुठे?" खाली, मध्ये, वर असं तीनदा घ्यायचं, सगळ्यात कमी भरेल ते धरायचं आणि उरलेली फट पट्टीने झाकायची.

साइटवर भाषा सुताची असते. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. हार्डवेअर मात्र मिलिमीटरमध्ये येतं. 'सहा सुती' प्लाय हिशेबाने १९ मिलिमीटर, पण बाजारात १८ चा मिळतो आणि व्हर्नियर (जबड्यांत धरून जाडी मोजायचं साधन) लावला तर कधी साडेसतराच भरतो. इथे डिजिटल व्हर्नियरला तोड नाही. बाहेरचं माप ठरलेल्या कपाटाच्या दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिलिमीटर पातळ निघाल्या, की आतली जागा एक मिलिमीटरने वाढते, चॅनेल (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती पट्टी) सैल पडतो आणि ड्रॉवर खडखडतो. म्हणून प्लाय हातात आल्यावर आधी जाडी मोजा, मग ड्रॉवरचं माप काढा. मोजण्याआधी जबडे मिटवून शून्य करून घ्या.

टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूक, हलतो म्हणून मी एकदा तो ठोकून घट्ट केला होता! तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. कडेला अडकवून ओढला की बाहेर सरकतो, भिंतीला टेकवला की आत. जितका आकडा जाड तितकाच सरकतो, म्हणून दोन्हीकडे माप बरोबर येतं. त्या टेपने नंतर मी फक्त लांबूनच अंदाज घेतले.

लेसरमध्ये एक बटण असतं: माप यंत्राच्या मागच्या कडेपासून धरायचं की पुढच्या. चुकून दाबलं गेलं, तर यंत्राच्या लांबीएवढी चूक होते. दुपारच्या उन्हात गॅलरीत ठिपका दिसतही नाही. शिवाय बहुतेक साधे लेसर दीड-दोन मिलिमीटर इकडेतिकडे दाखवतात. खोलीला ते चालतं, शटरला (कपाटाच्या दाराला) नाही.

पहिल्या पगारात पाच मीटरचा टेप (इंच आणि मिलिमीटर दोन्ही मापांचा), गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आणि ओळंबा घ्या. गुण्या दुकानातच तपासा: सरळ कडेला लावून रेघ ओढा, उलटा करून त्याच जागी पुन्हा ओढा. रेघा जुळल्या नाहीत तर परत द्या, दुकानदार काहीही म्हणो.

लेसर मी आजही ठेवतो. एस्टिमेटसाठी एकटाच खोली मोजायला जातो, तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नसतं. त्या वेळी त्याच्यासारखा हेल्पर नाही. चहासुद्धा मागत नाही.