पाडव्याच्या आत लॅपटॉप उघडून घ्या

मार्च लागला की परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सेलूत दोन गोष्टी एकदमच होतात. जिनिंगची धडधड मंदावते आणि लग्नांच्या तारखा निघायला लागतात. जिनिंग थांबलं तरी दिवाळीपासून हवेत उडालेले कापसाचे तंतू कुठंतरी जाऊन बसलेले असतातच, आणि त्यांची आवडती जागा म्हणजे आमच्यासारख्या शूटिंगवाल्यांच्या लॅपटॉपचा पंखा. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जड काम वर्षातल्या सगळ्यात गरम दिवसांत, तेही चोंदलेल्या यंत्रावर. दोन वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीयेनंतर माझ्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र आणि व्हिडिओचं काम ओढणारा भाग, गेलं, तेव्हा तीन लग्नांचं एडिटिंग अर्धवट होतं आणि एका नवरीचे वडील रोज संध्याकाळी "कुठवर आलं?" म्हणत दुकानात येऊन बसायचे. तेव्हापासून पाडव्याच्या आत काय काय उरकायचं हे मी ठरवून टाकलंय.

सुरुवात मोजण्यापासून करा, पेचकसापासून नाही. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर जाणं ही काही बातमी नाही, आणि पत्र्याखालच्या दुकानात तर त्याहून वाईट. पंखा आणि तांब्याची नळी चिपची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात, त्यामुळे हवाच तापलेली असेल तर चिपही तेवढीच वर सरकते. समजा काम करताना चिप खोलीपेक्षा ४५ अंशांनी गरम राहते. जानेवारीत खोली २५ ला असताना ती ७० वर असेल, आणि मेमध्ये ४२ ला तीच ८७ वर. यंत्र तेच, काम तेच. म्हणून "थंडीत तर नीट चालत होता" याला काही अर्थ नाही.

मोजायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ते नको असेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, परफॉर्मन्सच्या पानावर, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं. २०२० च्या मे अपडेटपासून ती सोय आहे. लॅपटॉप निवांत असतानाचा आकडा, पंधरा मिनिटं रेंडर (एडिट झालेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) चालल्यानंतरचा आकडा आणि त्या वेळी खोली किती गरम होती ते, असं तिन्ही वहीत लिहून ठेवा. निवांतपणी ४०-५५ आणि कामात ८०-८५ पर्यंत मी काळजी करत नाही. निवांत बसलेलं कार्डच ७० च्या पुढं असेल, किंवा रेंडर सुरू झाल्यावर दोन मिनिटांत आकडा चढून वेग एकदम पडत असेल, तर आत गडबड आहे. वेग पडतो म्हणजे चिप स्वतःला वाचवत असते. वीस मिनिटांचं रेंडर तासावर जातं, आपण लॅपटॉप जुना झाला म्हणतो, आणि खरं तर त्याचा श्वास कोंडलेला असतो.

मग साफसफाई. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा, उगाच सील तोडून वाद ओढवून घेऊ नका. वॉरंटी संपली असेल आणि हात धीराचा असेल तर घरी जमतं. लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, अडॅप्टर काढायचा, खालचं झाकण उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवायची. स्क्रू ज्या जागचे आहेत तसे कागदावर चिकटपट्टीनं लावून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर बोर्डाला भोक पडतं. बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, तर पुढं काहीही करू नका. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही. थेट बदलून घ्यायची.

माझ्या लॅपटॉपचं झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा शेजारच्या पंक्चरवाल्याचा पोरगा बघत होता. म्हणाला, "दादा, ह्यातून तर एक वात निघंल की!" खरंच निघाली असती. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्या यांच्या मधल्या फटीत तंतूंचा नमदा बसलेला असतो. बाहेरून ब्लोअर मारला तर तो निघत नाही, उलट पात्यांत आणखी घट्ट बसतो. पंखा सोडवून चिमट्यानं तो अख्खा ओढून काढायचा, मग मऊ ब्रश. हवा मारायचीच असेल तर पंख्याचं पातं बोटानं धरून मारा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून त्याची बेअरिंग जाते. त्याच पोरानं टायरची हवा मारून देऊ का म्हणून विचारलं होतं. नको बाबा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, तेल असतं, आणि दाब गाडीच्या टायरला शोभणारा. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते.

तीन-चार वर्षांच्या लॅपटॉपमध्ये चिप आणि तांब्याच्या मधली, उष्णता पुढं पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खपली झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, चिपवर नवी पेस्ट तूरडाळीच्या दाण्याएवढी घ्यायची आणि पातळ पसरायची. जास्त लावली की जास्त थंड, असं काही नसतं. पेस्ट मिळाली नाही म्हणून टूथपेस्ट लावणारे महाभाग मी पाहिलेत. ती काही दिवसांत वाळते आणि होतं त्यापेक्षा वाईट होतं. कार्डाच्या मेमरीवर पेस्ट नसते, तिथं थर्मल पॅडच्या मऊ पट्ट्या असतात. त्या फाटल्या तर त्याच जाडीच्या आणायच्या. एक मिलिमीटरच्या जागी दीड घातला तर तांब्याची पट्टी चिपवर टेकतच नाही, आणि मग चिप आधीपेक्षा जास्त तापते. झाकण लावल्यावर परत तेच रेंडर, त्याच खोलीत, आणि वहीत नवे आकडे. माझा फरक अकरा अंशांचा निघाला होता.

बसण्याची जागाही याच आठवड्यात ठरवून टाका. लॅपटॉप हवा पोटाखालून ओढतो, त्यामुळे वाकळ, गादी, मांडीवरची उशी, सगळं बाद. महागडा स्टँड नको असेल तर मागच्या दोन कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची दोन-दोन टोपणं ठेवा, तेवढी फट पुरते. कूलर जरूर लावा, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो खोली चांगली उतरवतो. पण त्याचा झोत सरळ लॅपटॉपवर नको आणि समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. लाईट गेली की माझ्या इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कूलर नाही. तेव्हा दुपारचं रेंडर लावायचंच नाही. मी पहाटे चारला उठून लावतो आणि आठच्या आत मोकळा होतो. दिवसा एडिटिंग करताना मूळ फोर-के फुटेजच्या ऐवजी हलक्या प्रॉक्सी फाइल वापरल्या की कार्डावरचा भार बराच खाली येतो. शिवाय विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करून बघा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारी सोय, बंद होतो, थोडा वेग जातो, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड एकाच तांब्याच्या नळीवर बसलेले असल्यानं दोघंही निवतात.

एवढं करूनही कार्ड जाऊ शकतं. जाण्याआधी ते बहुधा सांगतं. पडद्यावर रंगीत ठिपक्यांची रांगोळी येते, आडव्या-उभ्या रेघा येतात, व्हिडिओ लावला की पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, निळ्या पडद्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं लिहून येतं, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर पिवळं चिन्ह आणि कोड ४३ दिसतो. यातलं एक जरी दिसलं तरी सगळ्यात आधी डेटा. निदान नंतर, दुरुस्ती त्याच्याही नंतर. माझं इथंच चुकलं. मी दोन दिवस ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढ-घाल करत बसलो, आणि तिसऱ्या दिवशी पडदाच लागेना. डेटा साठवणारी एसएसडी काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते म्हणून फुटेज वाचलं, पण तिथं विंडोजनं डेटाचं कुलूप उघडणारी ४८ आकडी बिटलॉकर की मागितली आणि मला ती कुठं आहे हेच माहीत नव्हतं. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आजच शोधा आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवा, कारण मदरबोर्ड बदलला तरी ती लागणारच आहे.

डेटा सुरक्षित झाला की मग तपास. आधी पडद्याचा स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा. मोबाइलवरही त्या रेघा दिसल्या तर दोष कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये. नाही दिसल्या तर पडदा किंवा त्याची केबल बहुतेक गुन्हेगार. मग एचडीएमआयनं घरचा टीव्ही जोडा. दोन्हीकडे रेघा असतील तर पडदा निर्दोष. मात्र काही गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय थेट कार्डाला जोडलेलं असतं आणि लॅपटॉपचा पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो, अशा वेळी फक्त टीव्हीवर रेघा दिसतात आणि माणूस टीव्हीला दोष देत बसतो. शेवटी लॅपटॉप चालू होताना बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या, पानावर रेघा आहेत का ते बघा. तिथं विंडोजही नसतं आणि ड्रायव्हरही नसतो. तिथं रेघा असतील तर सॉफ्टवेअरवर आणखी एक तासही घालवू नका.

हातातलं काम मात्र थांबत नाही. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन मोठं कार्ड डिसेबल करा. लॅपटॉप लंगडत का होईना चालतो. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमधला रेंडरर 'सॉफ्टवेअर ओन्ली' केला की प्रोसेसर एकटा काम ओढतो. वेळ भरपूर लागतो. पण त्या नवरीच्या वडिलांना पेनड्राइव्ह मी असाच दिला.

आता दुरुस्तीचं. डेस्कटॉपचं कार्ड उपसून दुसरं लावता येतं, लॅपटॉपमध्ये ती चिप बहुतेक वेळा मदरबोर्डावर कायमची जोडलेली असते. म्हणून दुकानदार तीन पर्याय सांगतो: चिप तापवून घेणं, चिप बदलणं, अख्खा बोर्ड बदलणं. पहिल्याला रिफ्लो म्हणतात आणि तो सगळ्यात स्वस्त. रोज तापणं-निवणं चालू असतं, सिलिकॉन आणि खालचा तळ वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि मधल्या सूक्ष्म जोडांना तडे जातात. पुष्कळदा हे तडे चिपच्या आतल्या जोडांत असतात, बोर्डावरच्या नाही. गरम केल्यावर ते तात्पुरते टेकतात आणि लॅपटॉप जिवंत होतो. चिपच्या खालचे जोड नवे करण्याला, म्हणजे रीबॉलिंगलाही, याच कारणानं मर्यादा आहे. हे दुखणं नवं नाही. २००८ च्या जुलैत ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं लॅपटॉपच्या चिपमधल्या कच्च्या जोडांपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती, आणि २०११ च्या मॅकबुक प्रोमधल्या ग्राफिक्ससाठी ॲपलला २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली.

मी साडेतीन हजार देऊन रिफ्लो करून घेतला. तो एकोणीस दिवस चालला. आमच्या जिल्ह्याच्या नावावर एक म्हण आहेच, बनी तो बनी, नहीं तो परभणी. रिफ्लोला ती चपखल बसते. एखादं काम पुरं करून द्यायला आठवडाभराची उसंत हवी असेल तर घ्या, वर्षभराच्या भरवशावर घेऊ नका. आणि यूट्यूबवर बघून बोर्ड घरच्या ओव्हनमध्ये भाजणाऱ्यांचं तर ऐकूच नका, प्लास्टिकचे भाग वितळतात आणि त्याच ओव्हनमध्ये नंतर नानकटाई करायची असते.

दुकानात जायच्या आधीच किती खर्च करायचा तो आकडा घरी ठरवा, तिथं उभं राहून नाही. माझा नियम असा, की तसाच जुना लॅपटॉप बाजारात जितक्याला मिळतो त्याच्या निम्म्याच्या वर दुरुस्ती जात असेल तर एसएसडी आणि रॅम काढून घ्यायची आणि बाकीचा सुट्या भागांच्या भावात विकायचा. दुकानदाराला विचारा, चिप नवी घालणार की दुसऱ्या बोर्डावरून काढलेली, वॉरंटी किती दिवसांची आणि ती पावतीवर लिहून देणार का, जुना भाग परत मिळेल का. लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि उघडलेल्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा. एसएसडी शक्यतो काढूनच द्या. आपल्याकडे लोकांच्या लेकीबाळींचे फोटो असतात, ते अनोळखी टेबलावर कशाला.

आणि निघताना लॅपटॉप शटडाउन करा, नुसतं झाकण मिटू नका. झोपेत ठेवलेला लॅपटॉप कधीकधी बॅगेत आपोआप जागा होतो आणि एसटीत, मेच्या दुपारी, जालन्यापर्यंत स्वतःलाच भाजत राहतो. बॅगेत अडॅप्टर टाकलाय का ते मात्र उंबऱ्यातच बघा. मी दुरुस्तीसाठी संभाजीनगरला पोचलो तेव्हा माझा अडॅप्टर सेलूतच टेबलावर होता, आणि त्या पिनेचा दुसरा अडॅप्टर अख्ख्या गल्लीत कुणाकडे नव्हता.