बेटावर स्नॉर्केलिंगला जाताना या चुका टाळा

उष्ण कटिबंधातील बेटांवर स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे प्रवाळ आणि मासे पाहणे, करून आलेल्या अनेकांची एक तक्रार असते : पाणी नितळ होते, मासेही भरपूर होते, पण फोटोत दिसते तसे काही दिसले नाही. ही तक्रार मला खरी वाटते. तिचा दोष मात्र बेटाला देता येत नाही. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. त्यामुळे काही मीटर खोलीवरचे लाल-नारिंगी प्रवाळ वरून पाहणाऱ्याला निळसर करडे दिसतात, तर जाहिरातींतील छायाचित्रे बहुधा जवळून आणि कृत्रिम प्रकाशात टिपलेली असतात. म्हणून खोल आणि प्रसिद्ध जागेचा हट्ट न धरता दोन-तीन मीटर खोलीवरचे, शांत पाण्यातले प्रवाळ निवडावेत. तेथे रंग बऱ्याच अंशी टिकून राहतात. डोके पाण्यात घातल्यावर अखंड ऐकू येणारी तडतड ही एका जातीच्या छोट्या कोळंबीची असते, आणि कोणत्याही छायाचित्रात न सापडणारा हा अनुभव मला रंगांइतकाच मोलाचा वाटतो.

वेळेची निवड चुकली तर उत्तम जागाही वाया जाते. दुपारी अनेकदा वारा वाढतो, लाटा वाळू ढवळतात आणि पाणी गढूळ होते. म्हणून सकाळ सोडू नये. पूर्ण ओहोटीला प्रवाळांवर इतके कमी पाणी उरते की पोट आणि गुडघे खरचटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरकस असतात, तर अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीला ते तुलनेने सौम्य असतात. सुट्टीच्या तारखा ठरवतानाच हे पाहिले, तर निम्मी निराशा टळते.

सर्वाधिक त्रास मास्कमुळे होतो. पाणी आत येऊ लागले की बहुतेक जण पट्टा आणखी आवळतात, आणि त्यामुळे सिलिकॉनची कड दुमडून गळती उलट वाढते. मास्क घेण्यापूर्वी पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात काढल्यावरही तो चिकटून राहिला, तर माप योग्य आहे. कडेखाली अडकलेला एखादा केस किंवा दाट मिशीदेखील गळतीला पुरेशी असते. काचेवर धुके धरत असेल, तर नव्या मास्कच्या काचेवरचा सूक्ष्म थर साध्या टूथपेस्टने घासून काढावा; मात्र काच प्लॅस्टिकची असेल किंवा तिच्यावर लेप असेल, तर हा उपाय करू नये. त्यानंतर दर वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी आतून थुंकी फिरवून काच हलकेच विसळावी. हा उपाय किळसवाणा वाटला तरी खात्रीचा आहे.

नळीतून भराभर उथळ श्वास घेतला की नळीतली वापरलेली हवाच पुन्हा आत येते आणि धाप लागते. श्वास संथ आणि खोल असावा, उच्छ्वास पूर्ण असावा. नळीत पाणी शिरले, तर ती तोंडातून न काढता एकदाच जोरात फुंकून पाणी बाहेर टाकावे; हा सराव कमरेएवढ्या पाण्यात आधीच करावा. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मी नवशिक्यांना सुचवणार नाही, कारण ते घाईत काढणे अवघड असते आणि सदोष रचनेच्या मास्कमध्ये कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. खाली बुडी मारण्यापूर्वी धापा टाकल्यासारखे जलद श्वास कधीही घेऊ नयेत. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची तीव्र गरज उशिरा जाणवते आणि माणूस पूर्वसूचनेशिवाय पाण्याखाली बेशुद्ध होऊ शकतो.

घाबरलेला माणूस समोरच्या प्रवाळावर उभा राहतो, आणि मला सर्वांत जास्त वाईट या चुकीचे वाटते. प्रवाळ हे जिवंत प्राण्यांचे बांधकाम आहे आणि त्याच्या कित्येक भरीव जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. पोहण्याचा आत्मविश्वास नसेल, तर लाइफ जॅकेट घालण्यात कसलाही कमीपणा नाही. पांढरेशुभ्र प्रवाळ सुंदर दिसले, तरी ते बहुधा पाणी तापल्यामुळे आपल्या पेशींतील शैवाल गमावून बसलेले असतात. अशा विरंजनाची चौथी जागतिक लाट एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाली, त्यामुळे जुनी वर्णने वाचून आलेल्या प्रवाशाने ही शक्यता गृहीत धरावी.

पाठ आणि पोटऱ्या गार पाण्यात भाजत असल्याचे कळत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. काही सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायने प्रवाळांना अपायकारक ठरत असल्याने पलाऊ या प्रशांत महासागरातील देशाने 2020 पासून आणि अमेरिकेच्या हवाई राज्याने 2021 पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

एकट्याने कधीही पोहू नये. सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करावी, म्हणजे थकल्यावर परतताना प्रवाहाची मदत मिळते. किनाऱ्यापासून समुद्रात आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झगडू नये. तरंगत राहून हात उंचावून मदत मागावी, आणि ताकद असेल तर ओढ संपेपर्यंत किनाऱ्याला समांतर पोहून मगच तिरके बाहेर यावे.