फेसबुकचा मेनू उघडत नाही? ॲप काढून टाकण्याआधी हे तपासा

पोस्ट दिसतात, फोटो दिसतात, पण कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर कितीही टिचक्या मारा, मेनू काही उघडत नाही. अशा वेळी बरेच जण ॲप काढून पुन्हा टाकतात. हा उपाय सगळ्यात शेवटी करायचा. नव्याने लॉगिन करताना पासवर्ड आठवत नाही, ओटीपी जुन्या बंद सिमवर जातो आणि मेनूच्या नादात खातेच हातचे जाते. टिचकी नेमकी कुठे अडते आहे, ते आधी शोधा.

बिघाड फेसबुककडचाच असू शकतो. तेच खाते दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर, शक्यतो वेगळ्या नेटवर उघडून पाहा. तिथेही मेनू मेलेला असेल तर सेटिंग्ज उचकू नका, काही तास थांबा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते आणि ५ मार्च २०२४ रोजी जगभरातले लोक आपोआप लॉगआउट झाले. दोन्ही वेळा आपल्या बाजूने करण्यासारखे काहीच नव्हते.

संगणकावर

पानावरचा मजकूर आणि मेनू उघडणारा जावास्क्रिप्ट कोड वेगवेगळ्या फायलींतून येतो. कोडची फाइल अर्धवट उतरली की बटण दिसते, पण दाबल्यावर काही घडत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड). साध्या रिफ्रेशमध्ये साठवलेली जुनी फाइल पुन्हा वापरली जाऊ शकते. या पद्धतीने सगळ्या फायली नव्याने मागवल्या जातात.

फरक पडला नाही तर क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटो खिडकीत लॉगिन करा. तिथे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी जादा साधने) सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) नसतात. मेनू तिथे चालला, तर दोष या दोहोंपैकी एकात आहे. आधी एक्स्टेन्शन पाहा: सगळी बंद करा, मग एकेक सुरू करत प्रत्येक वेळी पान पुन्हा उघडा. पहिला संशय जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनवर घ्यावा; जाहिरातीसोबत ते कधी मेनूची चौकटही लपवते. एक्स्टेन्शन निर्दोष निघाली तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून ‘कुकीज अँड साइट डेटा’मधून फक्त फेसबुकचा डेटा पुसा. अख्ख्या ब्राउझरचा इतिहास पुसण्याची गरज नसते.

मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट जरूर तपासावी: क्रोमचे आपोआप भाषांतर. भाषांतर करताना ब्राउझर पानातला मजकूर परस्पर बदलतो. पान चालवणाऱ्या कोडला मात्र तो मूळ जागी, मूळ रूपात हवा असतो. तो सापडला नाही की कोड अडखळतो आणि बटणे गप्प होतात. भाषांतर बंद करा आणि मराठी हवी असेल तर फेसबुकच्याच भाषा सेटिंगमधून मराठी निवडा. तेथील शब्द कधी कधी अवघड वाटतात खरे, पण मेनू चालतात.

ऑफिसात चालत नाही आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते, असे असेल तर ऑफिसचे नेटवर्क काही फायली अडवत असणार. फेसबुकच्या बऱ्याच फायली एफबीसीडीएन डॉट नेट या वेगळ्या पत्त्यावरून येतात. तेवढाच पत्ता रोखला की पान लंगडे होते.

माउस बाजूला ठेवून टॅब कळीने मेनूच्या बटणापर्यंत जा आणि एंटर दाबा. मेनू उघडला तर कोड ठीक आहे. माउसचा क्लिकच तिथे पोहोचत नाही. कंट्रोल-शून्य दाबून झूम १०० टक्क्यांवर आणा आणि पुन्हा पाहा.

फोनवर

अँड्रॉइडमध्ये ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’ उघडा आणि ‘फोर्स स्टॉप’ करा. मग स्टोरेजमध्ये जाऊन ‘क्लिअर कॅशे’ करा, म्हणजे ॲपने साठवलेल्या तात्पुरत्या फायली पुसल्या जातात. शेजारच्या ‘क्लिअर डेटा’ला हात लावू नका, त्याने लॉगआउट होते. फोनमधली जागा संपत आली असेल तर आधी एक-दोन जीबी मोकळी करा, नंतर ॲप अपडेट करा.

मेनूतली एखादी ओळ दाबल्यावर ॲपमध्येच पांढरे पान येत असेल, तर प्ले स्टोअरमधून ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ (ॲपच्या आत वेबपाने दाखवणारा अँड्रॉइडचा भाग) आणि क्रोमही अपडेट करा. मार्च २०२१ मध्ये याच वेबव्ह्यूच्या सदोष अपडेटमुळे असंख्य ॲप धडाधड बंद पडत होती.

आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘क्लिअर कॅशे’चे बटण नसते. ‘ऑफलोड ॲप’ने ॲप जाते पण डेटा राहतो, म्हणून बिघडलेला डेटाही तसाच उरतो. तिथे ॲप पूर्ण काढून पुन्हा टाकावे लागते. त्याआधी पासवर्ड आणि खात्याला जोडलेला नंबर चालू असल्याची खात्री करा.

कधी दोष काचेचाच असतो. अँड्रॉइडच्या ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यातले ‘शो टॅप्स’ सुरू करा. बोट टेकेल तिथे ठिपका दिसतो. मेनूच्या कोपऱ्यातच ठिपका येत नसेल तर स्क्रीन गार्ड काढून पाहा. ठिपका येतो पण मेनू उघडत नाही, तर इतर ॲपवर तरंगणारी ॲप (निळा प्रकाश कमी करणारी, स्क्रीन रेकॉर्ड करणारी) बंद करा. अँड्रॉइड १२ पासून अशा थरातून जाणारे स्पर्श सुरक्षेसाठी अडवले जाऊ शकतात.

तोवर काम अडले असेल, तर ब्राउझरमध्ये फेसबुकच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘सेटिंग्ज’ हा शब्द इंग्रजीत लिहा. मेनूशिवाय थेट सेटिंग्ज उघडतात.

तक्रारीचा पर्याय मेनूतच दडलेला असतो, ही गंमतच. पण ॲप उघडे ठेवून फोन जोरात हलवला तरी ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ची चौकट येऊ शकते. तिच्यात फोनचे मॉडेल, ॲपची आवृत्ती आणि कोणता मेनू अडतो ते लिहा. इंटरनेटवर सापडणाऱ्या ‘फेसबुक कस्टमर केअर’च्या नंबरवर मात्र फोन करू नका, आणि तिथला माणूस सांगेल ते, आपली स्क्रीन त्याला दाखवणारे ॲप तर मुळीच टाकू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.